नोंदीस पात्र कोण? बहिणाबाईंच्या निमित्ताने

ज्ञानकोश किंवा चरित्रकोश सिद्ध करावयाचा म्हटले की संपादकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवडीचा. माणसे असंख्य आणि पाने मोजकी. मग कोणाचे चरित्र द्यावयाचे, कोणाचे वगळावयाचे आणि हा निर्णय कोणत्या कसोटीवर घ्यावयाचा? छापील कोशांच्या काळात पानांची टंचाई हे वगळण्याचे एक सबळ कारण असे. संगणकाच्या पडद्यावर वाचावयाच्या कोशांना ती अडचण उरलेली नाही. परंतु त्यामुळे प्रश्न सुटला असे मात्र झालेले नाही. मराठीत २००३ पासून चालू असलेल्या विकिपीडियात कोणालाही लेख लिहिता येतो. साहजिकच तेथे नव्या नावांची रीघ लागलेली असते आणि त्यांतील कोणते नाव ठेवावे व कोणते काढावे यावर संपादकांत वाद चालतात. या पात्रतेला तेथे उल्लेखनीयता असे म्हणतात. तिची कसोटी थोडक्यात अशी की, ज्या व्यक्तीविषयी तिच्याशी हितसंबंध नसलेल्या विश्वसनीय लेखकांनी अन्यत्र पुरेसे लिहून प्रसिद्ध केले आहे, तीच व्यक्ती नोंदीस पात्र समजावी. कोशकाराने आपल्या मताने कोणाला थोर ठरवू नये, इतरांनी आधीच नोंदविलेल्या गोष्टींच्या आधारेच लिहावे, हा त्यामागील विचार आहे.

हा विचार वाजवी आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. तथापि कोणत्याही नियमाची खरी परीक्षा सोप्या उदाहरणात होत नसते. राष्ट्रपती, सेनापती, नामांकित नट यांच्या बाबतीत नियम लावण्याची गरजच पडत नाही. जेथे माणसाची योग्यता निर्विवाद आहे, पण तिचा कागदोपत्री पुरावा नाही, तेथे हा नियम काय करतो हे पाहिले पाहिजे. असे उदाहरण शोधण्यास खानदेशच्या माणसाला दूर जावयास नको. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे चरित्र त्याच्या घरचेच आहे.

आसोद्याहून जळगावास

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी जळगावनजीकच्या आसोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे भिमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी असे भरलेले शेतकऱ्याचे घर होते. योगायोग असा की, याच १८८० साली मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा खानदेश जिल्ह्यासंबंधीचा बारावा खंड प्रसिद्ध झाला. तेव्हा जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे निराळे नव्हते. १९०६ मध्ये विभागणी होऊन पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. त्या जाडजूड खंडात खानदेशातील जमिनीची प्रत, पिके, बाजारपेठा, जाती-जमाती, किल्ले, देवळे यांची तपशीलवार माहिती आढळते. सरकारला ज्याची दखल घ्यावीशी वाटली ते सारे त्यात आले. त्याच वर्षी आसोद्याच्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेली मुलगी पुढे त्याच पिकांना, त्याच सणांना आणि त्याच माणसांना शब्दरूप देणार होती. पण तिच्या हाताला अक्षर मात्र कधी लागणार नव्हते.

त्यात नवल असे काही नव्हते. १९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानातील स्त्रियांपैकी हजारी सुमारे सहाच साक्षर आढळल्या होत्या. उरलेल्या नऊशे चौऱ्याण्णवांपैकी बहिणाबाई एक होत्या. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि जळगावच्या खंडेराव चौधरी यांचे चिरंजीव नथूजी यांच्या त्या पत्नी झाल्या. सासरचे कुटुंब मोठे आणि वतनदार होते. पण काळ कठीण होता. छपन्नचा म्हणून ओळखला जाणारा १८९९-१९०० चा दुष्काळ खानदेशने सोसला आणि प्लेगच्या साथी त्याआधी सुरू होऊन त्यानंतरही येत राहिल्या. बहिणाबाईंना ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे व काशी ही मुलगी. ओंकारला प्लेगने कायमचे अपंगत्व आले. एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्या. तिशीच्या सुमारास बहिणाबाईंना वैधव्य आले आणि शेतीचा, घराचा व मुलांचा भार त्यांच्या एकटीच्या खांद्यावर पडला.

येथपर्यंतची कहाणी त्या काळातील सहस्रावधी स्त्रियांची कहाणी आहे. निराळेपण एवढेच की, या बाईंना शेतात राबताना, पहाटे जात्यावर बसताना, घरातील कामे उरकताना गाणी सुचत आणि त्या ती म्हणत. ओवीच्या चालीवर, जळगाव-यावल-रावेर या भागातील लेवा गणबोलीत ती आपोआप आकाराला येत. पेरणी, मोट, खळे, पोळा, आखाजी, माहेर, सुगरणीचे घरटे, माणसाचे मन, जन्म आणि मरण असे त्यांचे विषय. त्यांत रडगाणे फारसे नाही. वैधव्याच्या दुःखातही हातावरच्या नशिबाच्या रेषांपेक्षा हाताच्या बळावर भरवसा ठेवणारी ही वृत्ती आहे. लिहिता येत नसल्यामुळे रचना डोक्यात राही, ओठांवर येई आणि बहुधा हवेत विरून जाई.

त्यांचे एक गाणे या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ते जळगावातील नानाजींच्या छापखान्यासंबंधी आहे. बाजाराच्या वाटेवर धडधडणारे ते यंत्र या निरक्षर बाईंनी कुतूहलाने पाहिले आणि त्यावर गाणे रचले. कोरा कागद त्या यंत्रातून गेला की त्याला शहाणपण येते, माणसाला मात्र काही केल्या ते येत नाही, असा त्याचा मिस्किल आशय आहे. ज्या छापखान्याला त्यांनी आपल्या गाण्यात अमर केले, त्या काळच्या छापखान्यांना मात्र त्यांच्या अस्तित्वाची दखल घ्यावीशी वाटली नाही. त्यांच्या हयातीत त्यांच्या नावाचे पुस्तक निघाले नाही. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात त्यांचे देहावसान झाले.

कागदावर कोण येते?

आता उल्लेखनीयतेची कसोटी त्या दिवसाच्या आदल्या महिन्यात लावून पाहावी. १९५१ च्या नोव्हेंबरात एखाद्या कोशाच्या संपादकाने जळगावातील नोंदीयोग्य व्यक्तींची यादी मागविली असती, तर ती कशी झाली असती? वकील, सावकार, नगरपालिकेचे पदाधिकारी, पदवीप्राप्त रावसाहेब यांची नावे तीत आली असती. त्यांच्याविषयी वृत्तपत्रांत छापून आलेले होते, सभांचे वृत्तान्त होते, मानपत्रे होती. चौधरीवाड्यातील सत्तरी ओलांडलेल्या एका निरक्षर शेतकरी विधवेचे नाव सुचविले गेले असते, तर संपादकाने पुरावा विचारला असता आणि पुरावा मिळाला नसता. नियमाप्रमाणे त्याचा नकार बरोबरच ठरला असता.

त्या काळच्या मराठी कोशकारांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० ते १९२९ या अवधीत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. दारोदार वर्गणीदार मिळवून उभारलेले ते काम होते. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे भारतवर्षीय चरित्रकोशाचे तीन खंड अनुक्रमे १९३२, १९३७ आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. एकेका माणसाने आयुष्य वेचून उभारलेली ही कामे आहेत. छापील ग्रंथ, नियतकालिके, पत्रव्यवहार, दफ्तरे हीच त्यांची साधने. १९४६ साली जात्यावरच्या गाण्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच कोशकाराजवळ नव्हता. संत बहिणाबाईंचे उदाहरण येथे तुलनेला घेता येईल. तुकोबांच्या या सतराव्या शतकातील शिष्येने आपले जीवन अभंगांत सांगितले, ते अभंग हस्तलिखितांत जपले गेले, म्हणून तीन शतकांनंतरही त्यांचे चरित्र लिहिता येते. एकाच नावाच्या दोन कवयित्रींपैकी अडीचशे वर्षांनी आधीची कोशकाराच्या हाताशी होती आणि त्याच्याच काळात जळगावात नांदणारी मात्र नव्हती.

कागदाचे हे महत्त्व खानदेशच्या पश्चिम भागाने इतरांपेक्षा अधिक ओळखले होते. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे समर्थ संप्रदायाची बाडे गावोगावच्या मठांतून जमविली. ती आज तेथील समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी तर आपले उभे आयुष्य कागदांच्या शोधात घालविले. अडगळीत पडलेली, वाळवीने खाल्लेली, रद्दीच्या भावाने विकली जाणारी दफ्तरे मिळविण्यासाठी त्यांनी पायपीट केली, लोकांची मनधरणी केली आणि प्रसंगी अपमानही सोसला. १८९८ पासून त्यांनी प्रसिद्ध केलेले मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड म्हणजे या खटाटोपाचे फळ होय. अखेरच्या काळात ते धुळ्यात राहिले आणि १९२६ च्या वर्षअखेरीस तेथेच निवर्तले. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांचा संग्रह जतन झाला.

राजवाड्यांनी इतिहासाला कागदाचा आधार दिला हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु कागद कोणाच्या घरी असतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. देशमुख, देशपांडे, इनामदार, सावकार, मठाधिपती यांच्या घरी दफ्तरे असत. पाटील-कुळकर्ण्यांच्या घरी काही निवाडे, काही महजर सापडत. मोट हाकणाऱ्याच्या किंवा जाते ओढणारीच्या घरी कागद कसा सापडावा? सापडलाच तर तो कर्जरोख्याचा. त्यावर तिच्या घरातील पुरुषाची निशाणी असावयाची. पुराव्याखेरीज लिहू नये ही शिस्त सर्वांना सारखी लागू होते हे खरे. पण पुरावा निर्माण होण्याची संधी मात्र सर्वांना सारखी मिळत नाही. नियम निःपक्षपाती असूनही त्याचा परिणाम पक्षपाती होऊ शकतो तो असा.

लिहून घेणारा

बहिणाबाईंच्या बाबतीत हे दैव बदलले ते एका वहीमुळे. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः मराठी वाचकांना परिचित असलेले कवी. आईच्या तोंडून निघणाऱ्या ओळींचे मोल त्यांना कळले. त्यांनी आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी त्या ओळी वेळोवेळी टिपून ठेवल्या. मातोश्रींच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती गाणी मुंबईत आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखविली. अत्रे यांना या अस्सल काव्याने झपाटले. हे प्रसिद्ध झालेच पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला, स्वतः प्रस्तावना लिहिली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह वाचकांच्या हाती आला.

येथे दोन निरनिराळी कामे झाली, हे नीट पाहिले पाहिजे. टिपून घेण्याचे काम घरच्या माणसांनी केले आणि पारखण्याचे काम बाहेरच्या माणसाने केले. सोपानदेवांनी आपल्या आईला थोर म्हटले असते तर ते पुत्रप्रेम समजले गेले असते. कोशाचा नियम अशा साक्षीवर विसंबत नाही आणि ते योग्यच आहे. अत्रे यांचे त्या घराशी नाते नव्हते. त्यांच्या परीक्षणाला वजन आले ते त्यामुळे. उल्लेखनीयतेचा नियम ज्याला स्वतंत्र साधन म्हणतो ते हेच. परंतु घरच्यांनी वही भरली नसती, तर अत्र्यांसारख्या रसिकानेही पारखावे काय?

लिहून घेणाऱ्याचे हे महत्त्व धुळ्यानेही एकदा अनुभवले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने केली. श्रोते सहबंदी होते. त्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ती प्रवचने बोलता बोलता उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून उभा राहिला आणि पुढे अनेक भाषांत गेला. विनोबा विद्वान होते, त्यांना लिहिता येत होते, नावही झाले होते; तरीसुद्धा तुरुंगातील ते बोलणे टिकले ते गुरुजींच्या लेखणीमुळे. मग ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांचे बोलणे लेखनिकाविना कसे टिकावे?

बहिणाबाईंच्या वाट्याला लेखनिक आला तो पुरेसा लवकर आला नाही, हेही सांगितले पाहिजे. अर्धशतकाहून अधिक काळ ज्या बाई गात होत्या, त्यांचे आज उपलब्ध असलेले काव्य एका लहानशा पुस्तकात मावते. शेतात, वाटेवर, जात्यावर म्हटलेले किती गेले याचा हिशेब आता लागणार नाही. आज आपण ज्याचा गौरव करतो ते त्या काव्याचे शिल्लक राहिलेले गाठोडे आहे.

गाठोडे लहान असले तरी त्याचे तेज लपले नाही. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटामुळे ती गाणी घरोघर पोहोचली. शालेय पाठ्यपुस्तकांत ती आली आणि मराठीच्या शिक्षकांना ती समजावून सांगण्याचा आनंद मिळू लागला. मराठी विश्वकोशातही त्यांची नोंद झाली. या विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. १९०१ मध्ये धुळे भागातील साक्री तालुक्यात पिंपळनेर येथे जन्मलेले शास्त्रीबुवा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडले आणि विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली बाहेर पडला. कोणाची नोंद घ्यावी हे ठरविणारे संपादक आणि एके काळी कोणत्याही कोशाला न दिसलेल्या कवयित्री, दोघेही अविभाजित खानदेश जिल्ह्याचीच लेकरे होत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंचे नाव आता खानदेशच्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रांवर असते.

नियम मोडावा काय?

बहिणाबाई १९५२ मध्ये थोर झाल्या काय? मुळीच नाही. १९५१ च्या नोव्हेंबरात त्यांची जी योग्यता होती तीच १९५२ च्या डिसेंबरात होती. मध्यंतरी बदलली ती आपली माहिती. यावरून उल्लेखनीयतेच्या नियमासंबंधी एक गोष्ट स्पष्ट होते. हा नियम माणसाची थोरवी मोजत नाही. त्याच्याविषयी जगाने किती नोंद ठेवली तेवढेच मोजतो. कोशात नाव नाही म्हणजे माणूस सामान्य, असा अर्थ काढणारा वाचक नियमाला त्याने कधीच न केलेला दावा चिकटवीत असतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हा भेद आवर्जून सांगितला पाहिजे, कारण आजचा विद्यार्थी कोणाचेही नाव प्रथम संगणकावर शोधतो आणि तेथे न सापडल्यास तो माणूस नव्हताच असे समजतो.

ही अडचण केवळ खेड्यापाड्यांतील निरक्षरांची आहे असेही नाही. २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्या कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा त्याच वर्षी, पारितोषिकाच्या काही महिने आधी, इंग्रजी विकिपीडियाने पुरेशा स्वतंत्र साधनांअभावी परत केला होता. पारितोषिक जाहीर झाले त्या दिवशी त्यांच्यावर लेख नव्हता. इंग्लंडच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचा पहिला खंड १८८५ मध्ये आणि ६३ वा १९०० मध्ये निघाला. त्यातून सुटलेल्या माणसांसाठी १९९३ मध्ये एक स्वतंत्र खंडच काढावा लागला आणि त्यात हजाराहून अधिक चरित्रे भरली. चांगल्या कोशाला आपली चूक दुरुस्त करण्याची लाज वाटत नाही, हा त्यातील बोध आहे.

तर मग हा नियमच काढून टाकावा, असे काही जण म्हणतात. पुरावा नसला तरी गावच्या लोकांनी सांगितले की नोंद करावी, अशी त्यांची मागणी असते. तिच्यामागे न्यायबुद्धी आहे, पण दूरदृष्टी नाही. दार उघडे टाकले तर त्यातून बहिणाबाई आत येतील की आणखी कोणी, याचा विचार केला पाहिजे. ज्यांच्या वाढदिवसाला चौकाचौकांत फलक लागतात, ज्यांचे गौरवग्रंथ त्यांच्याच खर्चाने निघतात, ज्यांना पुरस्कार देण्यासाठी संस्था काढल्या जातात, ते सर्वांत आधी आत येतील. लाजणाऱ्या, कष्ट करणाऱ्या, आपल्याला काही येते याची जाणीवही नसलेल्या माणसासाठी उघडलेले दार धक्का देऊन पुढे येणाऱ्यांच्याच कामी पडते. शिवाय, पुराव्याचे बंधन सुटले की एखाद्या मृत व्यक्तीच्या तोंडी न रचलेले काव्य घालणे आणि न केलेला पराक्रम तिच्या नावावर जमा करणे सोपे होते. त्याने त्या व्यक्तीचा गौरव होत नाही, विटंबना होते. म्हणून नियम राहिला पाहिजे आणि तो सक्तीने पाळला गेला पाहिजे. मात्र छापील साधनांबरोबरच नाव, गाव आणि तारीख घालून नीट जतन केलेल्या ध्वनिफिती व मुलाखती यांनाही साधन म्हणून मान मिळावा, एवढी मागणी कोशकारांकडे करणे योग्य ठरेल.

खानदेशापुढील काम

नियम कायम ठेवावयाचा आणि अन्यायही होऊ द्यावयाचा नाही, तर एकच मार्ग उरतो. पुरावा निर्माण करण्याचे काम हाती घ्यावयाचे. हे काम कोशाच्या संपादकाचे नाही. त्याच्या आधीच्या पायरीवरच्या माणसाचे आहे. ते सोपानदेवांनी केले, साने गुरुजींनी केले. अलीकडच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांबरोबर गाणाऱ्या स्त्रियांची नावे व गावेही नोंदविली. एकेकट्या बाईची ओळख कागदावर आणणारे हे काम किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते याचे ते उदाहरण होय.

जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत आज अहिराणी, लेवा गणबोली, भिली या बोलींत गाणारी, गोष्टी सांगणारी, लोकनाट्यात आयुष्य घालविलेली वृद्ध माणसे आहेत. वेलींची आणि मुळांची ओळख असलेले वैदू आहेत, नांगर-तिफण घडविणारे सुतार आहेत. त्यांतील सर्वच कोशात यावेत असे नाही, आणि येणारही नाहीत. पण त्यांतील कोण यावा हे पुढच्या पिढीला ठरविता यावे एवढी सामग्री तरी मागे राहिली पाहिजे. निवड करण्याचा हक्क पुढच्यांचा आहे. निवडीसाठी काही शिल्लक ठेवणे हे आपल्या हातात आहे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. शाळेतील शिक्षकाने दिवाळीच्या सुट्टीत मुलांना आजीकडून गाणी उतरवून आणण्यास सांगावे आणि चांगली असतील ती शाळेच्या वार्षिकात गाणारीच्या नावानिशी छापावीत. महाविद्यालयातील विद्यार्थ्याने आपल्या भ्रमणध्वनीवर आवाज मुद्रित करावा, पण त्याबरोबर दिवस, ठिकाण आणि सांगणाऱ्याचे वय लिहून ठेवावे. नाहीतर दहा वर्षांनी तो आवाज कोणाचा हे त्यालाही सांगता येणार नाही. कचेरीतील कारकुनाला दफ्तर कसे लावावे हे इतर कोणाहूनही चांगले कळते. गावच्या वाचनालयात असे कागद क्रमांक घालून नीट ठेवण्याचे काम त्याने रविवारचे दोन तास देऊन केले तर संशोधक त्याला दुवा देतील. बोलीतील शब्द प्रमाण मराठीत सुधारून लिहू नयेत, जसे ऐकले तसेच उतरवावेत. सांगणाऱ्याची संमती घ्यावी. आणि जे लिहिले त्याची स्तुती आपणच करू नये. ती पारखण्याचे काम बाहेरच्या जाणकारावर सोडावे. सोपानदेव आणि अत्रे यांच्यामध्ये झालेली कामाची वाटणी येथेही उपयोगी पडते.

बहिणाबाईंच्या नावाने विद्यापीठ आहे, जळगावच्या चौधरीवाड्यात त्यांच्या वापरातील वस्तूंचे संग्रहालय आहे, जयंती-पुण्यतिथीला भाषणे होतात. हे सारे उचितच आहे. परंतु त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखी गोष्ट याहून साधी आहे. आपल्या घरात जी बाई बोलते आहे ती ऐकण्यासारखे बोलते, हे तिच्या मुलाने ओळखले आणि हातात पेन्सिल घेतली. आज जळगाव आणि धुळ्याच्या कोणत्याही गावात अशी कोणी बाई असेल, तर तिची नोंद घेण्यास कोशाचा संपादक येणार नाही, आणि त्याने यावे अशी अपेक्षाही करू नये. तिच्या शेजारी राहणाऱ्या, लिहिता येणाऱ्या माणसाने जावयाचे आहे, आणि ती हयात असताना जावयाचे आहे.